कोपरावरचं भोक

सोमवारी सकाळी कार्यशाळेच्या बाईंनी पहिला नियम सांगितला. या आठवड्यात कुणीही सुईला हात लावायचा नाही. कात्री नाही, चिमटा नाही, गोंद नाही. समोरच्या कापडाकडे बघायचं आणि जे दिसेल ते कागदावर काढायचं, बस.

दुसरा नियम पहिल्याच्याच पोटात होता. वर्गात आलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा कार्यशाळेतली टेबलं कमी होती. शनिवारी बाई प्रत्येकाचं काम बघणार आणि टेबलं वाटणार होत्या. ज्यांना टेबल मिळणार नाही त्यांनी वर्षभर तळघरातल्या नोंद विभागात बसायचं, वस्तूंना क्रमांक द्यायचे, खोकी लावायची आणि हवेतला ओलावा मोजायचा.

"म्हणजे कारकुनी," खुडबुडीच्या शेजारी बसलेली चष्मेवाली पुटपुटली.

खुडबुडीने गळपट्टी चाचपली. तिच्या आतल्या बाजूला एक सुई टोचलेली होती. विमानप्रवासाच्या दिवशी ती काढून ठेवली होती, इथे पोचल्यावर पुन्हा जागेवर गेली. सुई गळ्याशी नसली तर तिला उघडं उघडं वाटे.

खुडबुडी हे नाव आईने पाडलेलं. मुलगी रांगायला लागल्यापासून तिचे हात स्वस्थ नव्हते. चादरीच्या दशा ओढ, उशीची शिवण उसव, बटण फिरव. शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं होतं, पण गल्लीत कुणाला ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आई रफूगार. एका जिन्याखाली तिचं दुकान होतं. आत ताठ उभं राहता येत नसे. तिथे वकिलांचे कोट यायचे, सिगारेटने जळलेल्या पँटी यायच्या, उंदरांनी कुरतडलेल्या शाली यायच्या. आईची एक पद्धत होती. काम झालं की कापड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "शोधा." गिऱ्हाईक कापड उजेडात धरी, नखाने चाचपी, डोळे बारीक करी. भोक कुठे होतं ते सापडलं तर पुन्हा करून देणार, असा तिचा शब्द होता. खुडबुडीने तो शब्द पाळायची वेळ आलेली कधी पाहिली नव्हती. "दिसला तो रफू नव्हे," आई म्हणे, "ते ठिगळ."

या हातांवरच खुडबुडीला इथे प्रवेश मिळाला होता. तिने अर्जासोबत आपल्या रफूचे नमुने पाठवले होते. जुनी कापडं टिकवण्याचं शास्त्र शिकवणारी ही संस्था, परदेशातल्या एका जुन्या शहराच्या मधोमध, आणि त्यात आपली लेक. आईने ही बातमी जिन्याखालून साऱ्या गल्लीत पोचवली होती. 'संग्रहालयात रफू करणार' असं ती सांगत होती. तळघरात खोकी लावणार, असं तिला कोण सांगणार?

प्रत्येकाला अभ्यासासाठी एक जुनं कापड मिळालं. खुडबुडीच्या वाट्याला एक बाही आली. शहराच्या वेशीवर पूर्वी पहारेकरी असत, त्यांतल्या कुणाच्या तरी कोटाची ही बाही. बाकीचा कोट कधीच गेला होता. जाड लोकर, तिरकी वीण, रंग कधीकाळी निळा असावा. कोपरावर चिंचोक्याएवढं भोक होतं. ते पाहिल्याबरोबर तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप एकमेकांना घासली गेली.

तिने भोक काढलं. बाईंनी कागद बघितला.

"गोल आहे का ते?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे नाही. पुन्हा बघ."

मंगळवारी तिने पुन्हा काढलं. बाईंनी भिंग कागदाशेजारी ठेवलं. "खालच्या कडेचे धागे तुटलेत की झिजलेत?"

"भोक आहे बाई. धागे गेलेत."

"कसे गेलेत ते विचारतेय मी. पुन्हा बघ."

आवाज चढलेला नव्हता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं खुडबुडीला वाटलं. आई ओरडते, मग विषय संपतो.

संध्याकाळी ती शहरात फिरली. खोलीत बसवत नव्हतं. गल्ल्या अरुंद, पायाखाली झिजून गुळगुळीत झालेले दगड, घड्याळाच्या मनोऱ्याभोवती बांबूऐवजी लोखंडी परांची. जिकडे बघावं तिकडे दुरुस्ती आणि दुरुस्तीची घाई कुणालाच नाही. वेशीचा दरवाजा तिला सगळ्यात खटकला. काळपट जुन्या दगडांच्या भिंतीत मध्येच फिक्या रंगाचे नवे दगड बसवलेले होते, दात किडून नवा बसवावा तसे. एवढं मोठं शहर, आणि दगडाला दगड मिळवता येत नाही?

"गवंडी कामचुकार आहेत इथले," तिने खोलीवर येऊन जाहीर केलं.

खोली ताईची होती. ताई म्हणजे लांबच्या नात्यातली मावसबहीण, औषधशास्त्र शिकायला आधीच येऊन मुरलेली. तिच्या खोलीत दुसरी खाट होती म्हणून खुडबुडीची सोय झाली होती. ताई आपल्या कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"माझे मोजे कुठे गेले?"

"रफू केले."

"ते फाटले नव्हते."

"टाचेला विरले होते."

"आणि स्वेटर?"

"त्याची बाही सुटत होती."

"पडद्यालाही काहीतरी केलंयस. सरकत नाही नीट."

"दुमड उसवली होती."

ताई खाटेवर बसली. "उद्या मला कुठे खरचटलं तर घरी सांगणार नाही मी. तू शिवून टाकशील."

खुडबुडी हसली, पण हसताना तिने उशीच्या अभ्र्यावरून हात फिरवला. तो धड होता. खोलीत आता फाटलेलं काही उरलं नव्हतं.

बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेले. बाईंची बैठक होती. खुडबुडी तिसऱ्यांदा परत आलेला कागद घेऊन बाहीपुढे बसली. भिंगातून बघितलं, रेघ मारली, खोडली, चौथ्यांदा भोकाची कड काढली. वीण नेमकी कशी वळते तेच लक्षात येईना. एक धागा घालून बघितला तर वळण कळेल, असं तिला वाटलं. एकच. बघून लगेच काढायचा.

सुई गळपट्टीतून हातात कधी आली ते तिला नंतरही आठवलं नाही. धागा कुठून घ्यायचा, याचा विचारही करावा लागला नाही. आई बाहेरचा धागा कधी वापरत नसे. ज्या कापडाला भोक त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा ओढून काढायचा. तोच रंग, तीच लोकर, तेच वय. बाहीच्या मनगटाशी दुमड होती. तिथून एक धागा अलगद निघाला.

एक घातला. वळण कळलं, कागदावर उतरलं. मग त्याच्या शेजारचा राहवेना.

जेवणं लांबली, बैठकही लांबली. खुडबुडीचे खांदे खाली आले, श्वास लांब झाला. विमानातून उतरल्यापासून डोक्यात जी माशी भणभणत होती ती थांबली. उभे धागे, मग आडवे, दोनावरून एक, दोनाखालून एक. शेवटचा धागा मागच्या बाजूला वळवून तिने नखाने जागा दाबली, बाही उजेडात धरली आणि सवयीने स्वतःशीच म्हणाली, "शोधा."

भोक नव्हतं.

मग तिची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. कागदावर होतं.

गुरुवारी कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. बाई टेबलांमधून फिरत होत्या, पण खुडबुडीशी थांबल्या नाहीत. ती अख्खा दिवस बाहीवर हात ठेवून बसली. दुपारी चष्मेवालीने मान वाकडी केली.

"तुझ्या बाहीला भोक होतं ना?"

"हं."

चष्मेवालीने बाही उलटली, पालटली, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा बघितली. "गेलं कुठे?"

खुडबुडीने बाही परत ओढून घेतली. चष्मेवालीला ते हळूहळू उमगलं. तिने आधी दाराकडे बघितलं, मग खुडबुडीकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती आणि कौतुक एकदमच आलं. "तू केलंस? हातांनी? अगं, सापडत नाहीये मला! कागदावरचं खोडून टाक. बाईंनी इतक्या जणांची कापडं बघितलीत, कुठलं भोक कुणाचं ते राहतंय थोडंच लक्षात."

"तीनदा परत दिलाय त्यांनी कागद. भोकाच्या कडेवरूनच."

"मग उसव."

खोलीवर येताच खुडबुडीने आईला फोन लावला. दुकानाची वेळ होती. मागे जिन्यावरून पावलं वाजत होती.

"आई, रफू उसवायचा कसा?"

"कुणाचा?"

"माझा."

"का? दिसतोय?"

"नाही."

"बाईंना सापडला?"

"अजून नाही."

"मग उसवायचा कशाला?"

"इथे भोक तसंच ठेवायचं असतं."

"भोक ठेवायचं असतं? मग तुम्ही तिथे करता काय?"

"बघतो."

"भोकाकडे?"

"आई, सांग ना कसा उसवायचा."

"मला काय माहीत? मी आजवर एकही उसवला नाही." आईचा आवाज दुखावला होता. "मऊ पडला की तो कापडच होतो, त्यातून वेगळा कसा काढणार? आणि उसवायला शिकायचं होतं तर एवढ्या लांब कशाला गेलीस, खुडबुडे? इथे जिन्याखाली लहानपणी तेच तर करत होतीस." फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "टेबलाचं शनिवारी ना?"

"शनिवारी."

"मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी कार्यशाळेत गेली. दार उघडणाऱ्या रखवालदाराला गुड मॉर्निंग म्हणून बाहीपुढे बसली आणि सुईच्या टोकाने मागच्या बाजूचं एक टोक उचललं. धागा हलला. तिने श्वास रोखून तो ओढला. तो आला, आणि त्याला बिलगलेला जुना धागाही आला, भुशासारखा, हातात येता येता मोडत. बोटावर निळसर पूड राहिली. जुन्या लोकरीत जीव नव्हता. रफूचा धागा घालताना तिने जुना सांभाळला होता. काढताना तो सांभाळला जात नव्हता. सगळं उसवलं असतं तर चिंचोक्याच्या जागी रुपयाएवढं भोक झालं असतं.

तिने सुई गळपट्टीत परत टोचली आणि दिवसभर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं. "थंडी वाजतेय का?" त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली.

संध्याकाळी ताईने तिला बळेच बाहेर काढलं. "तू खोलीत येरझाऱ्या घालतेस, खालचे लोक तक्रार करतील. चल." दोघी वेशीपर्यंत गेल्या. खुडबुडीने सगळं सांगितलं, चालता चालता, एका दमात. ताई ऐकत होती.

"मग सांगून टाक बाईंना."

"टेबल जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"त्यांना सापडणार नाही." हे म्हणताना खुडबुडीच्या आवाजात जे आलं ते तिला स्वतःलाच ऐकू आलं. आईचा आवाज होता तो, कापड पुढे करतानाचा. तिने विषय बदलला. भिंतीतल्या फिक्या दगडांकडे बोट दाखवत म्हणाली, "यांना नाही कुणी नोंद विभागात टाकलं. एवढं बटबटीत काम करून ठेवलंय."

"ते मुद्दाम तसं आहे," ताई म्हणाली. "जुना दगड कुठला आणि आपण घातलेला कुठला, ते कळायला हवं म्हणून. मी आले त्या वर्षी विचारलं होतं एकाला."

खुडबुडी थांबली. "मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठे? तू गवंड्यांचा उद्धार करत होतीस."

खुडबुडी भिंतीजवळ गेली. फिक्या दगडाच्या भोवती बारीक, सरळ खाच होती. कामचुकार माणसाच्या हातून अशी खाच पडत नाही. तिने त्यावरून नख फिरवलं. नख बरोबर त्या खाचेतून फिरलं, कुठेही न अडकता. ताईला भूक लागली होती, पण तिने दोनदा हाक मारूनही खुडबुडी हलली नाही.

शनिवारी सकाळी बाई एकेका टेबलाशी थांबत आल्या. चष्मेवालीला टेबल मिळालं. तिने ओठ घट्ट मिटून आनंद आवरला आणि खुडबुडीकडे बघायचं टाळलं.

बाईंनी खुडबुडीचा कागद आधी हातात घेतला. चौथ्यांदा काढलेला तो कागद त्यांनी बराच वेळ बघितला. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता दिसतंय बघ. भोक खालून झिजलंय. माणूस रोज दगडी कठड्यावर एकच कोपर टेकून उभा राहायचा. डावं कोपर, म्हणजे उजवा हात मोकळा." मग त्यांनी बाही जवळ ओढली, कोपराची जागा पुढ्यात घेतली आणि कागदाशी ताडून बघायला भिंग धरलं.

भिंग थांबलं. सरकलं. पुन्हा थांबलं.

बाईंनी बाही खिडकीकडे नेली. अंगठ्याने कोपर चाचपलं. आतून हात घालून कापड ताणलं. खोलीत सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की काहीतरी चुकलंय. काय ते खुडबुडी आणि चष्मेवालीलाच माहीत होतं. खुडबुडी उभी होती आणि तिच्या छातीत दोन गोष्टी एकाच वेळी धडधडत होत्या. एक भीती होती. दुसरीचं नाव तिला घ्यायचं नव्हतं. बाईंना सापडत नव्हतं. इतकी वर्षं जुन्या कापडांत घालवलेल्या बाईंना सापडत नव्हतं. आईने हे बघायला हवं होतं.

एवढंच बोलायचं की आधी काढताना चूक झाली, भोक नव्हतंच, सावली होती. कागद चार वेळा काढलाय, पाचव्यांदा काढू.

"शोधू नका बाई," खुडबुडी म्हणाली. "मी बुजवलंय."

"कधी?"

"बुधवारी."

"धागा कुठला?"

"याच बाहीचा. मनगटाच्या दुमडीतला."

बाईंनी दुमड उलटून बघितली. तिथली ओळ विरळ झाली होती. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला. रागापेक्षा ते दुखणं जास्त होतं. "म्हणजे दोन जागी," त्या म्हणाल्या.

"हो."

"उसवून बघितलंस?"

"एक धागा. जुनाही सोबत आला. म्हणून थांबले."

बाई खुर्चीवर बसल्या. पुन्हा एकदा कोपरावरून अंगठा फिरवला, या वेळी शोधण्यासाठी नव्हे. "काम असं केलंयस की मला कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "हीच अडचण आहे. उद्या मी नसेन, तूही नसशील. ही बाही कुणीतरी हातात घेईल आणि म्हणेल, हा पहारेकरी कधी कुठे टेकलाच नाही."

बाईंनी भिंग खाली ठेवलं.

"टेबल देता येणार नाही तुला. या वर्षी तरी नाही. नोंद विभाग." त्यांनी कागद आणि बाही एकावर एक ठेवून तिच्याकडे सरकवली. "बाही तुझ्याकडेच राहील. उसवायची नाही. तुझं काम कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, त्या हद्दीवर टाका घाल. लांबून नाही, पण हातात घेतल्यावर दिसेल असा. जुन्या धाग्याला टोचायचं नाही, दोन धाग्यांच्या मधून. कोपऱ्यातल्या खोक्यात रिळं आहेत. सुई आहे ना तुझ्याकडे?"

खुडबुडीचा हात गळ्याशी गेला. "आहे."

"मला माहीत आहे. सोमवारीच दिसली होती."

बाकीचे गेल्यावर ती खोकं घेऊन खिडकीशी बसली. हद्द कुठे आहे ते तिला सापडेना. पंधरा मिनिटं ती भिंगातून आपलाच रफू शोधत होती. शेवटी तिने तो कागद उलगडला, परत आलेला, खोडलेला, पुन्हा काढलेला. खालची झिजलेली कड, वरचं तुटलेलं टोक, डावीकडचा बारीक फाटा. कागदावरून मोजत मोजत तिने बोट कोपरावर आणलं, तेव्हा जागा लागली.

फोन वाजला. आई होती.

"मिळालं का टेबल?"

"नाही."

पावलं वाजली, थांबली. "सापडला त्यांना?"

"नाही सापडला. मी सांगितलं."

गल्लीला काय सांगायचं, हा विचार आईच्या डोक्यात चालला असणार. "मग आता?"

"टाका घालायचाय. दिसणारा."

"दिसणारा."

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

मग आईने घसा खाकरला आणि गिऱ्हाइकाशी बोलताना येतो तो आवाज काढला. "रंग कुठला घेतलास?"

"अजून नाही घेतला. निळ्यातच थोडा उजळ बघतेय."

"निळ्यात निळा घेऊ नकोस. तुझा हात तो लपवून टाकेल. सवय आहे त्याला. पिवळा घे."

खुडबुडीने खोक्यातून पिवळं रीळ उचललं, धागा दाताने तोडला आणि सुईच्या नेढ्यात ओवला. तिने पहिला टाका घातला. तो टाका दिसत होता. तिने डोळे मिटले, उघडले. अजूनही दिसत होता. बोटं तो आत दाबायला निघाली होती. तिने दुसऱ्या हाताने ती बोटं धरली, आणि मग पुढचा टाका घातला.